कार्बनचे नियम आणि व्यापार-करार

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात गणेशगुडी येथे काळी नदी अडवून सुपे धरण बांधण्यात आले. तालुक्याला पूर्वी ज्याचे नाव होते ते सुपे गाव पाण्याखाली गेले व अनेक विस्थापित कुटुंबे रामनगर येथे वसविण्यात आली. धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॅट क्षमतेचे वीजगृह आहे. या विजेसाठी कोळसा जाळावा लागत नाही. तथापि, तिच्यावर तयार झालेल्या मालाला परदेशी बाजारपेठेत त्याचा लाभ मिळेल काय, हे व्यापारविषयक नियमांवर अवलंबून आहे.

युरोपीय संघाने आयात मालाच्या उत्पादनात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनावर आकार बसविला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती देणे बंधनकारक होते. २०२६ च्या आयातीपासून आर्थिक दायित्वही लागू झाले. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन व वीज यांचा त्यात समावेश होतो. पैकी सिमेंट व खते यांच्याबाबत वापरलेल्या विजेचे उत्सर्जनही हिशेबात धरले जाते. परंतु वीज सामाईक जाळ्यातून घेतली असल्यास साधारणपणे त्या जाळ्यासाठी ठरविलेले प्रमाणच लावले जाते. थेट जोडणी अथवा उत्पादकाशी थेट खरेदी-करार असल्याखेरीज काळी नदीच्या विजेची वेगळी नोंद होत नाही.

शेजाऱ्यांशी नियम जुळविल्यास काय साधते, याचे उदाहरण स्वित्झर्लंडचे होय. त्या देशाने २०१७ मध्ये करार करून २०२० पासून आपली उत्सर्जन-व्यापार पद्धती युरोपीय संघाच्या पद्धतीशी जोडली. परिणामी स्विस मालास या आकारातून सूट मिळाली. ब्रिटन व युरोपीय संघ यांनीही मे २०२५ मध्ये त्याच दिशेने जाण्याचे ठरविले. अर्थात, अशा जोडणीनंतर आपले नियम एकट्याने बदलण्याचे स्वातंत्र्य मर्यादित होते.

भारताने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. उत्पादक देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बनची किंमत युरोपीय आकारातून वजा करण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी मोजमाप व पडताळणी उभय पक्षांना मान्य असावी लागते. म्हणूनच व्यापार-कराराच्या वाटाघाटीत जकातीच्या दराइतकेच मोजमापाच्या पद्धतीलाही महत्त्व आले आहे. ही पद्धती मान्य झाली, तरच जोयड्याच्या जनतेने आपली गावे देऊन उभी केलेली वीज निर्यातीच्या हिशेबात जमेच्या बाजूस लागेल.