संगणकीय नोंदींच्या आवृत्त्या : जतन आणि काटकसर

‘संगणकाच्या साठवणुकीवर वारंवार खर्च का होतो? जुन्या फाइली काढून टाकल्यास चालणार नाही का?’ अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली आहे. प्रश्न रास्त आहे. परंतु एकदा सुधारित अहवाल जुन्या अहवालावरच साठवला गेला आणि रुग्णाच्या मुलाने मूळ अहवाल मागितला, तेव्हा तो आम्हांस देता आला नाही. तेव्हापासून कोणतीही आवृत्ती पुसावयाची नाही, असा नियम केला. हिशेबाच्या वहीतही चुकीची नोंद खोडत नाहीत. दुरुस्तीची नवी नोंद करतात.

तथापि, प्रत्येक दुरुस्तीगणिक सर्व फाइलींची प्रत ठेवणे परवडणारे नाही. सी. टी. स्कॅनचे एक चित्र सुमारे अर्धा एमबी जागा व्यापते. ५०० चित्रांच्या तपासणीस २५० एमबी लागतात. दहा प्रतींस अडीच जीबी.

यावर संगणकशास्त्रात दोन मार्ग रूढ आहेत. पहिला, केवळ फरक साठवण्याचा. वॉल्टर टिची यांच्या १९८०च्या दशकातील आर. सी. एस. प्रणालीत शेवटची आवृत्ती पूर्ण ठेवली जाते व मागील आवृत्त्यांसाठी फक्त फरक. अखेरच्या शिलकेवरून नोंदी उलट फिरवून आरंभीची शिल्लक काढावी, तसेच हे. मजकुरास हा मार्ग उत्तम. मात्र आकार दाबून लहान केलेल्या चित्रात किंचित बदल झाला तरी बरीचशी फाइल पालटते आणि फरकच मूळ फाइलीएवढा होऊ शकतो.

दुसरा मार्ग ओळखक्रमांकाचा. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेल्या ‘गिट’ प्रणालीत फाइलीच्या आशयावरूनच गणिताने क्रमांक काढतात. आशय तोच असेल तर क्रमांकही तोच, म्हणून साठवण एकदाच. २०१५ साली आलेल्या ‘गिट एलएफएस’मध्ये मोठी फाइल स्वतंत्र भांडारात राहते, इतिहासात तिचा क्रमांक व आकार सांगणारी छोटी चिठ्ठी तेवढी असते. मोठी फाइलच बदलली, तर मात्र तिची नवी पूर्ण प्रत ठेवावी लागते.

म्हणून न बदलणारे आणि बदलणारे वेगळे ठेवणे, हीच खरी काटकसर. याच तत्त्वानुसार आम्ही चित्रे एकदाच साठवतो आणि अहवालाच्या सर्व आवृत्त्या त्यांच्या क्रमांकाशी जोडतो. क्रमांक पुन्हा काढून पाहिल्यास फाइल बिघडली आहे का, तेही कळते. अर्थात, एकमेव प्रत नष्ट झाल्यास सर्वच आवृत्त्या निरुपयोगी होतील; यास्तव तिची दुसरी प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवणे अपरिहार्य आहे. आपल्या देणगीचा काही अंश त्या दुसऱ्या प्रतीसाठी खर्च होतो, हे आपण जाणून घ्यावे, ही नम्र विनंती.