बिघाड राउटरचा की अडॅप्टरचा?

पावसाळा लागला, की गोव्यात विजेच्या लपंडावापाठोपाठ इंटरनेटच्या तक्रारीही वाढतात. वीज परत येते. राउटर मात्र दर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो. मुलांची ऑनलाइन परीक्षा किंवा घरून चालणारे काम अर्ध्यावर तुटते आणि दोन-तीन हजारांचा नवा राउटर घरी येतो. खरा दोषी पुष्कळदा भिंतीवरच्या सॉकेटमध्येच लटकत असतो: शंभर-दोनशे रुपयांचा काळा अडॅप्टर.

प्रथम दिव्यांकडे पाहावे. फायबर जोडणीच्या यंत्रावर ‘एलओएस’चा तांबडा दिवा लागला असेल आणि पॉवरचा दिवा स्थिर असेल, तर तारेतून प्रकाशसंकेत येत नाही, तो दोष विजेचा नव्हे. सगळेच दिवे एकदम मालवून एकेक करून पुन्हा उजळत असतील, तर मात्र संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा.

अडॅप्टर घरातील 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे बहुधा 12 किंवा 9 व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. त्यातील कपॅसिटर हा प्रवाह समतल ठेवतात. त्यांच्यातील द्राव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान 10 अंशांनी वाढले, की आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. बंद कपाटात, टीव्हीमागे कोंबलेला अडॅप्टर लवकर का मरतो, हे यावरून कळावे. असा थकलेला अडॅप्टर एकदम बंद पडत नाही. राउटर निवांत असताना तो निभावून नेतो. चार मोबाइल जोडले जाऊन वाय-फायची मागणी वाढली, की व्होल्टेज खाली घसरते आणि राउटर नव्याने सुरू होतो.

मल्टिमीटर फसवतो तो इथेच. अडॅप्टर राउटरपासून सोडवून मोजला, तर त्यावर भारच नसतो आणि आकडा बिनचूक 12 दिसतो. त्यापेक्षा दुसरा अडॅप्टर लावून पाहणे अधिक विश्वासार्ह. व्होल्टेज तंतोतंत तेच हवे. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कारण राउटर हवा तेवढाच प्रवाह ओढतो. पिनेच्या ध्रुवतेचे चिन्हही जुळले पाहिजे. राउटरसाठी मिनी यूपीएस असेल, तर चाचणीपुरता तो वगळावा. त्याची बॅटरी थकली, तरी हीच लक्षणे दिसतात. पिन हलवताच दिवे जात असतील, तर जोडच सैल झाला आहे.

एवढे करूनही राउटर बंद-चालू होतच राहिला, तर दोष त्याच्या पोटात आहे असे समजावे. अडॅप्टर उघडण्याच्या फंदात मात्र पडू नये. सॉकेटमधून काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो. नवा घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे की नाही, तेवढे दुकानातच पाहून घ्यावे.