पाणंदीसाठी बॅटरीची सायकल : घरी करायची तर अशी करा

ज्यांचा आखाडा गावापासून कोस-दीड कोसावर आहे, त्यांना खेपा म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटे दुधाची किटली डेअरीवर, मग भाकरी, मधेच लाइट आली म्हणून मोटर चालू करायला, आणि दिवस मावळता पुन्हा धारेला. पेट्रोलची गाडी घरात एकच, ती मोठा मुलगा घेऊन जातो. मग मागे राहिलेल्यांनी काय करायचे? पायी. म्हणूनच जुन्या सायकलीला मोटर आणि बॅटरी बसवण्याचा नाद आता खेड्यातल्या पोरांना लागला आहे. नाद वाईट नाही. पण ही सायकल डांबरी रस्त्यावर एक वागते आणि आपल्या पाणंदीत दुसरेच वागते. म्हणून सामान आणायच्या आधी हे वाचा.

कल्पना काही आजची नाही. चाकाच्या हबमध्येच मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसाला ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले. अडले ते बॅटरीपाशी, कारण शिशाची बॅटरी जड आणि तिच्यात साठा थोडा. लिथियमची बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि हळूहळू स्वस्त झाली, तेव्हा कुठे हे काम गावच्या फिटरच्या हातात आले.

आपल्या राज्यात या विषयावर मन लावून काम झाले ते फलटणला. तिथे १९६८ साली स्थापन झालेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात सायकल-रिक्षा हातात घेतली. (त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.) त्यांनी नुसती मोटर बसवून हात झटकले नाहीत. एक रिक्षा पायडलचीच ठेवून तिला गिअर आणि चांगले ब्रेक दिले, दुसरीला पायडलच्या जोडीला मोटर दिली, आणि तिसरी पूर्ण बॅटरीवर चालवली. आधी चाक, चेन आणि ब्रेक सुधारायचे आणि मग मोटरचे बघायचे, हा क्रम मला त्यांच्या कामातला सर्वांत मोलाचा वाटतो. आपली पोरे नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात.

आता आपल्या जिल्ह्याची जमीन बघा. धारूर, केज, पाटोदा, आष्टी म्हणजे बालाघाटचा माळ. मुरूम, सुटे दगड, चढ आणि उतार. गेवराई, माजलगावकडे उतरलात की गंगथडीची खोल काळी माती. दोन्हीकडे मोटरवर पडणारा ताण वेगळा.

चढाचा हिशोब सोपा आहे, एकदा मांडून घ्या. तुम्ही आणि सायकल मिळून १०० किलो धरा. हे ओझे १०० मीटर उंच न्यायला सुमारे २७ वॅट-तास वीज लागते. मोटर, चेन आणि कंट्रोलरमधली गळती धरली तर ३५ च्या आसपास. तुमच्या फवारणीच्या पंपात १२ व्होल्ट, ८ अँपियरची बॅटरी असते, तिच्यात सगळे मिळून ९६ वॅट-तास. म्हणजे तिच्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त साठा नुसत्या त्या एका चढात गेला. आणि दहा फुटाला एक फूट असा चढ ताशी १० किलोमीटरने चढायचा तर २७० वॅट लागतात, खड्ड्या-मातीची ओढ वेगळीच. २५० वॅटची मोटर तिथे एकटी पुरत नाही. तुम्हाला पायडल मारावेच लागते. चांगला निरोगी माणूस बराच वेळ ७०-८० वॅट देऊ शकतो, आणि तेवढ्याने काम भागते.

तुम्ही म्हणाल, मग हजार वॅटची मोटरच बसवू. बसवाल, पण ती बसणार कशावर? वीस वर्षांच्या जुन्या फ्रेमवर आणि सळईच्या ब्रेकवर? केंद्र सरकारच्या मोटार वाहन नियमांत २५० वॅटच्या आतली मोटर, ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन असेल तर अशा गाडीला मोटार वाहन धरत नाहीत. मात्र सरकारमान्य तपासणी संस्थेने ते पडताळलेले असावे लागते. घरी केलेल्या सायकलीवर असा शिक्का नसतो. तेव्हा ती आपल्या शेतापुरती, बांधापुरती ठेवा. मोठी मोटर लावून हमरस्त्यावर आणलीत आणि काही घडले, तर कागदाला कागद लागणार नाही.

मोटर दोन तऱ्हेची मिळते. एक हबमधली, चाकासकट. दुसरी छोटी, तिच्या पोटातच दाते असतात आणि ती वेगळ्या चेनने मागचे चाक ओढते. सपाट वाटेला हबची बरी, कारण देखभाल कमी. माळावरच्या चढाला मात्र मी चेनची सुचवीन. मागचे दातेरी चाक मोठे घातले की वेग कमी होतो आणि जोर वाढतो, बैलगाडीचा चढ कासऱ्यापेक्षा बैलाच्या चालीवर जातो तसा. हबची मोटर चढाला फार हळू फिरू लागली की वीज फिरण्यात न जाता तापण्यात जाते. विहिरीवरची मोटर जाम होऊन जळते, तोच प्रकार. चढ संपल्यावर हबला हात लावून बघा. हात टिकत नसेल तर थांबा, सावलीत पाच-दहा मिनिटे उभी करा.

हबचीच घेणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. मोटर चाकाला पुढे फिरवते, तेव्हा ती आपल्या आसाला तितक्याच जोराने मागे पिळत असते. साध्या सायकलीच्या आसावर असा पीळ कधी येत नाही, त्यामुळे फ्रेमच्या खाचा त्यासाठी केलेल्याच नसतात. माझ्या पहिल्या सायकलीला मी नुसते नट आवळले होते. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या चढावर आस खाचेतच फिरला, वायरी पिळून तुटल्या आणि चाक तिरपे होऊन अडकले. वेग कमी होता म्हणून गुडघ्यावर निभावले. चूक माझीच. वेल्डरकडून जाड पट्टी करून घ्या. तिला आसाच्या चपट्या भागाइतके बेतशीर भोक पाडा आणि तिचे दुसरे टोक फ्रेमच्या दांड्याला घट्ट बांधा. दोन्ही बाजूंना लावलीत तर उत्तमच.

आसातून निघणारी वायर आधी खाली झुकवून मग वर न्या. पावसाचे पाणी वायरीवरून ओघळते, ते झोळावरून खाली टपकले पाहिजे, मोटरच्या पोटात जाता कामा नये. पाणी आत गेले की सायकल गचके देऊ लागते, आणि नवखा फिटर उगाच कंट्रोलर बदलून टाकतो. ओढ्यात पाणी आसाच्या वर असेल तर उतरा आणि सायकल खांद्यावर घ्या.

ब्रेकचा दांडा दाबताच मोटर बंद व्हावी असे स्विचवाले दांडे मिळतात, तेच बसवा. सळईचे ब्रेक काढून टाका. बॅटरीने सायकलीचे वजन वाढते आणि घाटाच्या उतारावर ओल्या रिमवर ते रबर नुसते सरकते. या सायकलीत पैसे कुठे कमी करायचे असतील तर सीटवर करा, ब्रेकवर नको.

आता बॅटरी. शिशाच्या तीन बॅटऱ्या जोडून ३६ व्होल्ट होतात, पण १२ अँपियरच्या घेतल्या तर वजन १२ किलोच्या आसपास, आणि जोराने वीज ओढली की त्यातली निम्मीच हाती येते. लिथियममध्ये लोह-फॉस्फेटची घ्या. ती थोडी जड असते, पण आपल्या मे महिन्यातल्या उन्हाला दुसऱ्या जातीपेक्षा अधिक निभावते. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी पट्टी, जिला बाजारात बीएमएस म्हणतात, ती असल्याशिवाय पॅक विकत घेऊ नका. जुन्या लॅपटॉपचे सेल गोळा करून घरी पॅक बांधू तर मुळीच नका. बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज हवा, म्हणजे वायर कुठे घासून उघडी पडली तरी पुढचे निभावते.

२०२२ साली देशात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या घटना एकामागून एक घडल्या आणि सरकारला बॅटरीचे नियम कडक करावे लागले. त्या कारखान्यात बनलेल्या होत्या, आपली तर घरची. म्हणून बॅटरी चार्जिंगला लावायची ती फरशीवर, मोकळ्या ओसरीत आणि घरातले जागे असताना. बाजेखाली नको, कडब्याच्या वळईशेजारी नको, जिथे लेकरे झोपतात त्या खोलीत तर नकोच. दुपारी उन्हातून आलात की तास-दीड तास निवू द्या, मग चार्जर लावा. चार्जर त्याच बॅटरीचा असावा. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर जोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. बॅटरी फुगली, गरम राहू लागली किंवा वास आला तर घरापासून लांब उघड्यावर नेऊन ठेवा आणि पुन्हा वापरू नका. धूर निघाला तर मात्र तिला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा आणि माणसे बाहेर काढा.

विजेचा खर्च म्हणाल तर ३६ व्होल्ट, १० अँपियरची बॅटरी पूर्ण भरायला अर्धे युनिटही लागत नाही. खरा खर्च बॅटरीचाच. ती काही वर्षांनी बदलावी लागते, तेव्हा रोज खेपा असतील तरच हा व्यवहार परवडतो. महिन्यातून चारदा वापरायची असेल तर साधी सायकल बरी.

चालवताना बैलगाडीच्या चाकोरीत चाक घालू नका. दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून चला. सुट्या मुरमावर ॲक्सिलेटर एकदम पिळला की मागचे चाक गरगर फिरते. हळू द्या आणि पायडलने सुरुवात करा. पुढच्या चाकातली मोटर आपल्या वाटेला उपयोगाची नाही, कारण कॅरिअरवर दुधाची किटली ठेवली की पुढचे चाक हलके होते आणि चढावर नुसते घसरते. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात जाऊच नका. चिखल मडगार्डमध्ये भरतो, चाक थांबते आणि मोटर आतल्या आत तापत राहते. जावेच लागले तर निघण्याआधी मडगार्ड काढून ठेवा.

राहिले बाभळीचे काटे. मोटरचे चाक पंक्चर झाले की ते खोलायला नेहमीचा पाना चालत नाही, आसाचे नट मोठे असतात. कोणता पाना लागतो ते घरीच लावून बघा आणि तो सीटखालच्या पिशवीत बांधून ठेवा. सोबत एक ट्यूब आणि हातपंप. पहिले आठ दिवस बॅटरी अर्धी होताच परत फिरा. सपाटीला, चढाला, ओझे घेऊन आणि न घेता ती किती जाते ते वहीत लिहा. आमच्या वहीत उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले आकडे इतके वेगळे निघाले, की पावसाळ्यात डेअरीची संध्याकाळची खेप आम्ही पुन्हा साध्या सायकलीवर नेली.