पंपाच्या पॅनेलमधलं कार्ड: दुरुस्त करावं की बदलावं?

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत भागात, हळदीच्या पाण्याची भिस्त विहीर-बोअरवरच्या थ्री-फेज मोटरवर असते. एक फेज गेला, की उरलेल्या दोन फेजवर भार वाढतो आणि वाइंडिंग जळतं. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये एक कार्ड असतं. फेज गेल्याचं ओळखून ते रिले सोडतं आणि मोटर बंद पडते.

कार्ड चालेनासं झालं म्हणून लगेच फेकू नये. डोकं फुगलेला कपॅसिटर, काळे पडलेले रिलेचे पॉइंट, पायाभोवती बारीक गोल चीर पडलेला सोल्डर हे नेहमीचे दोष आहेत आणि ते कमी खर्चात निघतात. ओल, मुंग्या आणि पाली यांमुळेही शॉर्ट होतं. त्यासाठी पॅनेलची भोकं बुजवावीत.

बोर्डच जळून कोळसा झाला असेल, तर मात्र नवं कार्ड बसवावं, कारण कोळशातून वीज वाहते. नवं घेताना ते मोटर चालू-बंद करणाऱ्या काँटॅक्टरच्या कॉइलच्या व्होल्टेजशी जुळतं का, हे पाहावं. पॅनेल उघडण्याआधी मेन स्विच पाडावा. पाण्याची कितीही घाई असली, तरी कार्ड वगळून मोटर थेट जोडू नये. रीवाइंडिंगचा खर्च कार्डापेक्षा कितीतरी जास्त येतो.