वृद्धाश्रमातील हेळसांड : ओळखावी कशी, टाळावी कशी?

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले श्रीक्षेत्र नृसिंहवाडी हे शिरोळ तालुक्यातील प्रसिद्ध दत्तस्थान होय. पौर्णिमेला येथे लोटणाऱ्या गर्दीत महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटकातूनही आलेले वृद्ध स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने असतात. उतारवयात काही काळ वाडीला सेवेस राहावे, ही श्रद्धा जुनी आहे. परंतु स्वेच्छेने क्षेत्री राहणे वेगळे आणि घरच्यांनी आणून सोडणे वेगळे. घाटाच्या पायरीवर बसलेल्या वृद्धाकडे पाहून हा भेद लक्षात येत नाही; त्यासाठी त्याच्याशी बोलावे लागते आणि तो कन्नडभाषक असल्यास ती भाषा जाणणारा माणूस सोबत घ्यावा लागतो. सांभाळाची जबाबदारी असताना वृद्धास कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडणे हा 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कल्याणविषयक केंद्रीय अधिनियमाच्या कलम 24 अन्वये दखलपात्र गुन्हा आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अशा निराधार वृद्धांपैकी काहींना पुढे वृद्धाश्रमात आसरा मिळतो आणि तेथे पोहोचल्यावर समाजाची काळजी बहुधा संपते. वास्तविक ती तेथून सुरू व्हावयास हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीवरील दर सहा व्यक्तींपैकी सुमारे एकीला वर्षभरात समाजात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. संस्थांतील स्थिती अधिक गंभीर आहे : विविध देशांतील पाहण्यांत, गेल्या वर्षभरात आपल्या हातून वृद्धांचा काही छळ झाल्याची कबुली दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी दिली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2011 साली 15 जून हा दिवस वृद्धांच्या छळाविषयी जागृतीसाठी जाहीर केला, तो याच चिंतेतून.

छळ म्हटला की मारहाण डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात संस्थेतील छळ बराचसा मुका असतो. रात्री अंथरूण ओले होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देणे, हे त्याचे एक उदाहरण. देणाऱ्याला ते क्रौर्य वाटत नाही, सोय वाटते. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावलेली असते. त्यामुळे वृद्ध स्वतः पाणी मागत नाही. ओठ व जीभ कोरडी पडते, लघवी कमी व गडद होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि ‘म्हातारपणामुळे भ्रमिष्ट झाले’ असा शेरा मारून प्रकरण मिटते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलणे आवश्यक असते. तसे न झाल्यास माकडहाड, नितंब व टाचा यांवर दाब येऊन प्रथम लाली दिसते, मग कातडी फाटते आणि जखम खोल जाते. म्हणून भेटीस जाणाऱ्याने, त्या व्यक्तीची संमती घेऊन आणि लाज राखून, टाचा अवश्य पाहाव्यात. दोन्ही मनगटांवर किंवा दंडांवर सारखेच वळ असल्यास बांधून ठेवले किंवा जोराने धरले असण्याचा संशय येतो. दिवसाढवळ्या गुंगीत असणे, नव्याने वजन घटणे, कर्मचारी जवळ येताच बोलणे थांबणे, चष्मा, कवळी अथवा श्रवणयंत्र ‘हरवलेले’ असणे, बँकेच्या पुस्तकावर अनोळखी अंगठा उठणे, या खुणाही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत.

येथे एक सावधगिरी हवी. वार्धक्यात कातडी नाजूक होते आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणाऱ्यास किंचित धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात. एका डागावरून कोणास अपराधी ठरवू नये. डाग कसा पडला याचे उत्तर दर वेळी बदलते काय, हे पाहावे. तसेच रात्री वीस-पंचवीस निवाशांचा भार एकट्या सेविकेवर टाकणारी संस्था तिच्या चिडचिडीस स्वतः जबाबदार असते. शिक्षा सेविकेला आणि अभिनंदन विश्वस्तांना, असा प्रकार होऊ नये.

नृसिंहवाडीस या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. पावसाळ्यात पाणी वाढून ते श्रींच्या पादुकांवरून दक्षिणद्वारातून वाहू लागते, तेव्हा भाविक त्यास सोहळा मानतात. पाणी त्याहून चढले की चित्र पालटते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी वृद्धास नावेत घेतले म्हणजे काम झाले, असे होत नाही. त्याची औषधे, काठी, चष्मा आणि नातेवाइकांचा पत्ता मागे राहिला, तर निवारा केंद्रात तो पुन्हा निराधारच होतो. हेळसांड दुष्टाव्यानेच होते असे नाही, ती पूर्वतयारीच्या अभावानेही होते. पूरप्रवण गावांतील पंचायतींनी मे महिन्यातच एकट्या व संस्थेत राहणाऱ्या वृद्धांची यादी, त्यांच्या औषधांच्या नोंदीसह, तयार ठेवणे अगत्याचे आहे.

तक्रार कोठे करावी? चरितार्थाचे प्रकरण उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे चालते. शिरोळ तालुका इचलकरंजी उपविभागात येतो. अर्ज वृद्ध स्वतः करू शकतो. तो असमर्थ असल्यास त्याने अधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था करू शकते आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर वा जमीन लिहून घेऊन नंतर वृद्धास बाहेर काढले असेल, तर कलम 23 प्रमाणे ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. ही तरतूद खेड्यात फारशी कोणास ठाऊक नसते. संस्थेत मारहाण अथवा कोंडून ठेवण्याचा प्रकार आढळल्यास मात्र न्यायाधिकरणाची वाट न पाहता पोलीस ठाणे गाठावे. 14567 या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीही उपलब्ध आहे.

तथापि, तक्रार करणारा वृद्ध रात्री त्याच छपराखाली झोपतो. त्यामुळे तो सहसा बोलत नाही, आणि विचारणारा व्यवस्थापकाच्या कचेरीत बसून विचारीत असेल तर मुळीच बोलत नाही. राष्ट्रीय सणाला फळे वाटून छायाचित्र काढून परतणाऱ्या पाहुण्यांना यातील काहीच दिसणार नाही. शाळेतील एखादे शिक्षक अथवा पंचायतीच्या एखाद्या सदस्या दर पंधरवड्यास, आगाऊ न कळविता, शक्यतो जेवणाच्या वेळी गेल्या आणि प्रत्येक वेळी त्याच चार-पाच जणांजवळ दहा मिनिटे बसल्या, तर फरक ध्यानात येतो : मागच्या खेपेस हातात असलेली बांगडी आज का नाही, ताटात भाकरी तशीच का उरली, आणि नेहमी दारापर्यंत पोहोचवावयास येणाऱ्या आजी आज खाटेवरून का उठल्या नाहीत.