चिन्हाचा न्याय मतदानाआधीच हवा

२०१९च्या विधानसभा निवडणुकीत गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावचा निकाल ७१८ मतांनी लागला. राष्ट्रवादीचे मनोहर चंद्रिकापुरे घड्याळावर निवडून आले आणि कमळावर लढलेले माजी मंत्री राजकुमार बडोले हरले. पाच वर्षांनी तेच बडोले घड्याळ घेऊन उभे राहिले आणि जिंकले. मधल्या काळात राष्ट्रवादी फुटली होती, त्यामुळे त्याच निवडणुकीत शेजारच्या तिरोड्यात शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे रविकांत बोपचे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ घेऊन लढले. एका पक्षाची दोन चिन्हे एकाच जिल्ह्यात, आणि ज्या घड्याळाला कालपर्यंत विरोध केला त्याचेच बटण दाबायची वेळ अनेक मतदारांवर आली. अशा वेळी प्रश्न पडतो तो हा : चिन्हाच्या वाटपात चूक झाली आणि त्यामुळे निकाल फिरला, तर दाद कुठे मागायची? आणि ती मिळते का?

चिन्ह ही आपल्याकडे सजावट नाही. १९५१च्या जनगणनेत देशात साक्षर होते जेमतेम १८ टक्के. पहिल्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची मतपेटीच वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. तेव्हापासून आजपर्यंत गावोगावी ‘कुणाला दिलं?’ या प्रश्नाचे उत्तर नावाने नाही, चिन्हाने मिळते. हत्ती, बैलजोडी, पंजा, कमळ, घड्याळ. म्हणूनच पक्ष फुटला की भांडण आधी चिन्हाचे होते.

हे भांडण सोडवण्याचे नियम निवडणूक आयोगाच्या १९६८च्या चिन्हे आदेशात आहेत. त्याच्या पंधराव्या परिच्छेदानुसार फुटलेल्या पक्षातला खरा गट कोणता, हे आयोग ठरवतो. १९६९मध्ये काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली गेली आणि सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा हा अधिकार मान्य केला. पक्षात आणि विधिमंडळात बहुमत कोणाकडे, ही कसोटी तिथूनच रूढ झाली. राष्ट्रवादीच्या वादात गोंदियाचे प्रफुल्ल पटेल अजित पवार गटाचे प्रमुख शिलेदार होते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाने पक्षाचे नाव आणि घड्याळ त्या गटाला दिले. शरद पवार सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्चमध्ये न्यायालयाने अजित पवार गटाला घड्याळ वापरू दिले, मात्र हा विषय न्यायप्रविष्ट असल्याची सूचना जाहिरातींत द्यायला लावली. अंतिम निकाल येण्याआधी लोकसभा झाली आणि विधानसभाही झाली.

हा झाला पहिला दरवाजा, निवडणुकीच्या आधीचा. एकदा निवडणूक जाहीर झाली की तो जवळपास बंद होतो. राज्यघटनेच्या ३२९व्या अनुच्छेदामुळे निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेतून देता येते आणि १९५२च्या पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. अर्ज छाननीत काहीही घडो, निवडणूक मध्येच अडवायची नाही. हेतू चांगला आहे, नाहीतर प्रत्येक मतदारसंघ कोर्टात अडकून पडेल.

दुसरा दरवाजा निकालानंतर उघडतो. आमदार किंवा खासदाराच्या निवडीला आव्हान द्यायचे तर लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. गोंदियासाठी म्हणजे नागपूर खंडपीठात. इथे कायदा दोन गोष्टींत फरक करतो आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

उमेदवाराचा अर्ज चुकीने फेटाळला गेला, तर एवढेच कारण निवड रद्द करायला पुरते. ओडिशातल्या अठगडमध्ये २००९ साली बिजू जनता दलाच्या रणेंद्र प्रताप स्वैन यांचा अर्ज एबी फॉर्मवरच्या सहीच्या वादातून फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळणे चूक ठरवले, विजेत्याची निवड गेली आणि पोटनिवडणुकीत स्वैन निवडून आले. एबी फॉर्म म्हणजे पक्षाने दिलेले चिन्हाचे हक्कपत्र. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो पोचावा लागतो, म्हणून तिकीट वाटपाच्या रात्री कार्यकर्त्यांची धावपळ होते.

पण अर्ज मान्य झाला आणि चिन्ह चुकीचे किंवा फसवे मिळाले, तर त्या चुकीचा निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे हरलेल्याला सिद्ध करावे लागते. ही अट केवढी कठीण आहे, हे १९५४च्या वशिष्ठ नारायण शर्मा खटल्यात दिसते. उत्तर प्रदेशातल्या त्या निवडणुकीत एका उमेदवाराचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला होता. त्याला १,९८३ मते पडली, तर पहिल्या दोघांमधले अंतर होते १,८७२. त्याची मते अंतरापेक्षा जास्त असूनही सर्वोच्च न्यायालय म्हणाले, तो नसता तर ती मते कोणाकडे गेली असती याचा अंदाज बांधून चालणार नाही, पुरावा द्या.

पुरावा आणायचा कुठून? मतदान गुप्त असते आणि कोणत्याही साक्षीदाराला त्याने कोणाला मत दिले हे सांगायला भाग पाडता येत नाही. २०२४च्या लोकसभेत सातारा मतदारसंघात तुतारीवाले शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि ‘ट्रम्पेट’ चिन्हावरच्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. दिंडोरीत त्याच चिन्हावरच्या अपक्षाने लाखावर मते घेतली, तरी तिथला तुतारीचा उमेदवार निवडून आला. मतपत्रिकेवर ट्रम्पेटचे नाव मराठीत ‘तुतारी’ छापले होते. माणसे फसली असावीत, असे सगळ्यांना वाटते. पण त्या ३७ हजारांपैकी किती फसले, हे कोर्टात कोण सांगणार? आपल्या मताचे रक्षण करणारी गुप्तताच इथे पुरावा गिळून टाकते.

म्हणून चिन्हाचा न्याय मतदानाआधीच व्हायला हवा, नंतर तो जवळजवळ अशक्य असतो. विधानसभेआधी आयोगाने तुतारीवाल्या माणसाचे चित्र ठळक केले, पण ट्रम्पेट मुक्त चिन्हांच्या यादीतून काढले नाही. मला ही चूक वाटते. नावाने वा चित्राने सारखी वाटणारी मुक्त चिन्हे मान्यताप्राप्त पक्षाच्या आक्षेपावर त्या राज्यातून काढून टाकायला फार कष्ट पडत नाहीत.

चूक वेळेत दुरुस्त होऊ शकते, हे आपण नगरपालिका निवडणुकीत पाहिले. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये काही ठिकाणी अर्जांवरच्या अपिलांचे निकाल उशिरा आले आणि उमेदवारांना माघारीची पुरेशी मुदत न देता चिन्हे वाटली गेली. राज्य निवडणूक आयोगाने २९ नोव्हेंबरला तिथली निवडणूक थांबवून मतदान २० डिसेंबरला घेतले. नागपूर खंडपीठाच्या आदेशाने साऱ्या राज्याची मतमोजणी २१ डिसेंबरला गेली, गोंदिया नगरपरिषदेचीही. उमेदवारांचा खर्च वाढला, लोक वैतागले, पण चुकीच्या वाटपावर मते पडली नाहीत. ती पडल्यानंतर कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा तीन आठवडे थांबणे कधीही स्वस्त.

सर्वोच्च न्यायालयाने पक्षफुटीचे चिन्हवाद पुढची निवडणूक लागण्याआधी निकाली काढावेत, एवढी अपेक्षा मतदाराने ठेवणे गैर नाही. २०१९मध्ये अर्जुनी मोरगावात ७१८ मतांनी आमदार ठरला. तिथे चिन्हाबद्दल गोंधळलेली एक-दोन गावेही निकाल फिरवू शकतात आणि तसे झालेच तर कायद्याकडे आज त्यावर खात्रीचे उत्तर नाही.