माद्रिदमधली चार भिंतींआडची रंगशाळा : बेती खाय

बास्क पेलोता हा भिंतीवर चेंडू मारून परतवण्याचा खेळ. कधी तळहाताने, कधी लाकडी बॅटने, तर कधी हाताला बांधलेल्या वेताच्या लांब टोपलीने खेळतात. स्पेनच्या उत्तरेकडचा हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माद्रिदमध्ये असा गाजला की व्यावसायिक सामन्यांसाठी तिथे एकामागून एक 'फ्रोन्तोन', म्हणजे पेलोताची मैदानं, उभी राहिली. सामन्यांइतकीच पैजांचीही धूम असे.

त्यांतलं 'बेती खाय' १८९४ मध्ये चांबेरी भागात उघडलं. वास्तुविशारद होते होआकिन रुकोबा. सुमारे ६७ मीटर लांब मैदान, वर मोकळं आकाश आणि बाजूला लोखंडी खांबांवरच्या वळणदार, बहुमजली गॅलऱ्या. प्रेक्षक मावत सुमारे ४,०००!

१९०४ मध्ये संशोधक लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी इथेच रेडिओ लहरींनी दुरून वाहन चालवण्याचे प्रयोग केले. पुढे खेळ थांबला, गाड्यांच्या दुरुस्तीची कामं आली आणि वास्तू खंगत गेली.

माद्रिदमधलंच दुसरं एक फ्रोन्तोन, अभियंते एदुआर्दो तोरोखा यांच्या पातळ काँक्रीट छताचं 'रेकोलेतोस' (१९३५), तर १९७३ मध्ये पाडलंच गेलं. बेती खाय मात्र वाचलं. नागरिकांनी आवाज उठवला, २०११ मध्ये संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला, मग पालिकेने ते ताब्यात घेऊन डागडुजी केली.

माद्रिदला गेलात तर मार्केस दे रिस्काल रस्त्यावर नक्की डोकावा. आत जाण्याच्या वेळा मात्र आधी तपासून घ्या.